विसरल्या गेलेल्या इटालियन गायकाची कारकीर्द परभणीत बसून कशी शोधायची

मराठवाड्यात जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक वाटतात त्याच्यापेक्षा बरेच जास्त आहेत. बहुतेकांकडं लता-रफी, कव्वाल्या, भीमगीतं, नाट्यगीतं असतात आणि ते छानच आहे, पण मधूनच एखाद्या भंगाराच्या पोत्यात नाहीतर हैदराबादच्या कुण्या नातेवाईकाकडून आलेल्या खोक्यात परदेशी तबकडी निघते, छोटी सात इंची, मधे हे एवढं मोठं भोक, आणि वर नाव असं की धड वाचताही येत नाही. मग फोटो पाठवून विचारतात, भाऊ हा कोण, काय किंमत येईल? किमतीचं मला विचारू नका. पण हा कोण होता, त्यानं किती वर्षं गायलं, आणि मग गायचं का सोडलं, हे शोधायची एक पद्धत आहे आणि ती परभणी, लातूर, अंबाजोगाई कुठंही बसून मोबाईलवर जमते. तीच सविस्तर लिहायलोय, कारण ही माणसं कुणीतरी नीट शोधायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. दोन-तीन वर्षंच गायले म्हणून काय झालं, गायले ना.

उदाहरणाला एक खरा माणूस घेऊ. जॉन फॉस्टर. नाव इंग्रजी, पण माणूस पक्का इटालियन. १९६४ मधे 'आमोरे स्कुझामी' नावाचं त्याचं गाणं इटलीत गाजलं, माफ कर गं माझ्या प्रेमा अशा अर्थाचं, संथ आणि गळ्यात आवंढा आणणारं. त्याच वर्षी रॉबर्ट गुले या गायकानं ते इंग्रजीत गायलं आणि अमेरिकेत ते टॉप ट्वेंटीत जाऊन बसलं. आज इटलीतल्या तरुण पोरांना विचारलं तर गाणं कदाचित ऐकलेलं असेल, गायकाचं नाव मात्र क्वचितच कुणाला सांगता येईल.

आधी तबकडी वाचा, वाजवायचं नंतर

रेकॉर्ड हातात आली की लगेच सुई ठेवायची घाई करू नका. धूळ असते, आपल्याकडची धूळ तर विचारूच नका, ती सुईखाली आली की रेघा कायमच्या जातात. आधी मऊ कापडानं गोल गोल, रेघांच्या दिशेनं पुसा. मग खोलीत थोडा अंधार करून मोबाईलची टॉर्च लावा आणि उजेड वरून नको, आडवा पाडा, जवळजवळ तबकडीला चिकटून. रेघा संपतात आणि कागदी लेबल सुरू होतं त्याच्यामधे बोटभर गुळगुळीत पट्टा असतो, तिथं बारीक अक्षरं खोदलेली किंवा ठोकलेली दिसतील. नुसत्या डोळ्यांनी सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र एकदम उठून येतात. तबकडी हळूहळू फिरवत सगळं वहीत उतरवून घ्या, टिंब आणि आडवी रेघसुद्धा सोडू नका.

इटालियन रेकॉर्डींची खासियत इथंच आहे. त्यांच्या त्या पट्ट्यावर बऱ्याचदा चक्क तारीख असते, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, आपण लिहितो त्याच क्रमानं. दुसऱ्या देशांच्या रेकॉर्डींवर नुसता नंबर असतो आणि त्यावरून वर्ष काढता काढता जीव जातो, इथं ते आयतं मिळतं. फक्त एक ध्यानात ठेवा, ही तारीख साचा तयार झाला त्या वेळची असते, दुकानात रेकॉर्ड आली त्या दिवसाची नव्हे, आणि दोन्ही बाजूंच्या तारखा वेगवेगळ्याही असू शकतात. तरी एवढं ठामपणे सांगता येतं की ही तबकडी या तारखेच्या आधीची नाही. सगळ्या शोधाचा पहिला खुंटा इथं ठोकायचा.

आता लेबल. गाण्याच्या नावाखाली कंसात दोन-तीन आडनावं असतात, ती गायकाची नसतात, गीतकार-संगीतकाराची असतात. लोक गायकाचं नाव वाचतात आणि ही कंसातली नावं सोडून देतात, माझ्या मते तिथंच अर्धा शोध वाया जातो. गायक विसरला जातो पण गाणी लिहिणारे टिकतात, कारण ते दहा जणांसाठी लिहीत असतात. 'आमोरे स्कुझामी'च्या खाली पाल्लाविचिनी आणि मेस्कोली अशी नावं सापडतात. पाल्लाविचिनी म्हणजे वीतो पाल्लाविचिनी, ज्यानं पुढं १९६८ मधे आद्रियानो चेलेन्तानो या गायकाच्या 'आझ्झुर्रो'चे शब्द लिहिले, पाओलो कोन्तेची चाल, इटलीत शाळकरी पोरांना पण पाठ असलेलं गाणं. म्हणजे आपला विसरलेला गायक कुठल्या गोतावळ्यात वावरत होता ते इथूनच कळायला लागतं. ऑर्केस्ट्रा कुणी चालवला त्याचं नाव पण बऱ्याचदा असतं, ते पण उतरवा. एस.आय.ए.ई. ही चार अक्षरं दिसली तर ती कंपनी नाही, तिकडची लेखक-प्रकाशकांची हक्क संस्था आहे, १८८२ पासूनची.

आणि लेबलवर किंवा कव्हरवर डमडमचा पत्ता दिसला तर ती कोलकात्याच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात निघालेली भारतीय प्रत आहे. ती जपून ठेवा, इटालियन गाणं इकडं छापलं गेलं ही पण एक माहितीच आहे, पण तिच्यावरून मूळ गाण्याचं वर्ष धरू नका.

नाव खरं आहे का ते बघा

साठच्या दशकात इटलीत अमेरिकन नावांची फॅशन होती. बॉबी सोलो म्हणजे रोबेर्तो सात्ती. टोनी रेनिस म्हणजे एलिओ चेझारी. टोनी दाल्लारा म्हणजे आन्तोनिओ लार्देरा. लिटल टोनी म्हणजे आन्तोनिओ चाच्ची. मोठी नावं असल्यामुळं यांचं कोडं लगेच सुटतं, पण छोट्या गायकाच्या बाबतीत सगळा शोध इथंच अडकून बसतो, कारण जॉन फॉस्टर असं सर्चमधे टाकलं की जगातले सगळे जॉन फॉस्टर समोर येतात, त्यात लेखक येतात, वकील येतात, पाद्री येतात, आपला गायक कुठंतरी पाचव्या पानावर.

म्हणून कधीच नुसतं नाव टाकायचं नाही. नाव आणि गाण्याचं मूळ इटालियन शीर्षक एकत्र टाका, किंवा नाव आणि कंसातली ती आडनावं टाका. स्पेलिंग लेबलवर आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडं नको. असं केलं की जॉन फॉस्टरचं खरं नाव मिळतं, पाओलो ओक्कीपिन्ती. आडनाव टाइप करताना ओ, मग डबल सी, मग एच, आय, पी, आय, एन, टी, आय. ते डबल सी-एच चुकवलं की काहीच सापडत नाही. आणि खरं नाव सापडलं की ते लगेच सर्च करायचा मोह होतो, थोडं थांबा, ते आपल्याला शेवटी लागणार आहे.

कॅटलॉगमधून रेकॉर्डींची यादी

डिस्कॉग्स, म्हणजे रेकॉर्डींची माहिती नोंदवणारी वेबसाइट, बहुतेकांना माहीत आहे. चांगलं आहे, पण तिथली माहिती आपल्यासारख्याच लोकांनी भरलेली असते, म्हणून जिथं लेबलचे फोटो जोडलेत तीच नोंद पक्की धरा. फोटो झूम करून वर्ष स्वतः वाचा. दुसरा कॅटलॉग सरकारी आहे. रोमला १९२८ मधे दिस्कोतेका दी स्तातो म्हणून सरकारी ध्वनिसंग्रह सुरू झाला, आता त्याचं नाव बदललंय, आणि त्यांचा इटालियन गाण्यांचा राष्ट्रीय कॅटलॉग ऑनलाइन फुकट बघता येतो. दिसायला साधा आहे, पण माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे. इटालियन विकिपीडियावरच्या रेकॉर्डींच्या याद्या पण बऱ्याच गायकांच्या चांगल्या आहेत, मात्र त्यातली प्रत्येक ओळ वरच्या दोन्हीपैकी एका ठिकाणी जुळवून घ्या.

यादी वर्षाप्रमाणं मांडा. लगेच आकार दिसायला लागतो. एका वर्षात चार-पाच सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, पुढच्या वर्षी तेवढ्याच, मग एक, मग नाही. नव्वदनंतर आलेल्या सीडींची वर्षं या यादीत घुसवू नका, ते जुन्याच गाण्यांचे गठ्ठे असतात आणि त्यामुळं गायक चाळीस वर्षं गात होता असा भास होतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओच्या नावात दिलेलं वर्ष तर सरळ सोडून द्या.

रादिओकोर्रिएरे: इथं बसायचं, वेळ द्यायचा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. इटलीच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचं, म्हणजे राईचं, एक साप्ताहिक होतं, रादिओकोर्रिएरे. आठवडाभर रेडिओवर टीव्हीवर काय लागणार, दिवसवार, वेळेसकट छापलेलं. आपल्याकडं रेडिओ सिलोनच्या काळात लोक कार्यक्रमांच्या वेळा वहीत लिहून भिंतीला लावायचे, तिकडं ते छापून विकत मिळायचं. राईच्या संग्रहानं त्याचे जुने अंक स्कॅन करून नेटवर टाकलेत, पान उलटत वाचता येतात, पैसे नाहीत.

कारकिर्दीचा खरा चढउतार रेकॉर्डींपेक्षा इथं जास्त कळतो. रेकॉर्ड काय, कंपनीनं काढली म्हणजे निघाली, विकली गेली का नाही ते तबकडी सांगत नाही. पण टीव्हीवर कुणाला बोलावतात ते तो चालतो का नाही यावर असतं. इटलीत टीव्ही ३ जानेवारी १९५४ ला सुरू झाला आणि दुसरं चॅनेल आलं नोव्हेंबर १९६१ मधे, म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यात सगळा देश दोनच चॅनेल बघत होता. शनिवारी संध्याकाळी तिथं एकदा दिसला की सोमवारी बाजारात सगळे ओळखणार. आणि बोलावणं बंद झालं की तेवढ्याच वेगानं विसरणार.

करायचं असं: रेकॉर्डींच्या यादीतलं पहिलं वर्ष घ्या आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांपासून सुरुवात करा. सर्च आहे, पण जुना छापा मशीनला नीट वाचता येत नाही, एखादं अक्षर खराब उमटलं की नाव निसटतं, म्हणून नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं टाका, फक्त आडनाव टाका, गाण्याचं शीर्षक टाका, आणि जिथं शंका येईल तो अंक स्वतः चाळा. टीव्हीच्या पानापाशी थांबू नका, रेडिओचं पान बघा, बारीक अक्षरात सकाळच्या कार्यक्रमात कुठली गाणी लागणार त्याची यादी असते, गायकाच्या नावासकट. छोटे गायक तिथंच सापडतात. प्रत्येक वेळी तारीख, वार, चॅनेल, वेळ आणि कार्यक्रम एवढं लिहायचं. त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच फोल्डरमधे टाका, नंतर तेच पान परत शोधत बसणं म्हणजे फार त्रास.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. वेळापत्रक वाचायला वार आणि महिने आले की बास, आणि लेख असेल तर मोबाईलचा कॅमेरा धरून इंग्रजीत करून घ्या. माझ्या अनुभवात इटालियनवरून थेट मराठी केलं की वाक्यं मोडतात, इंग्रजी बरं येतं.

याच्या जोडीला तूरिनच्या ला स्ताम्पा या पेपरचा जुना संग्रह पण नेटवर खुला आहे. गावोगावच्या कार्यक्रमांच्या बातम्या, कोण आला, कोण आला नाही, भांडणं, सगळं तिथं मिळतं.

सानरेमोच्या याद्या नीट कशा वाचायच्या

सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव १९५१ मधे सुरू झाला, पहिल्या वर्षी निल्ला पित्सी जिंकली. त्या काळात स्पर्धा गायकांची नव्हती, गाण्यांची होती, हे लक्षात आलं नाही तर याद्या वाचून डोकं फिरतं. १९७१ पर्यंत बहुतेक वर्षी एकच गाणं दोन वेगवेगळे कलाकार आपापल्या पद्धतीनं म्हणायचे, आणि १९६४ पासून त्यात परदेशी गायक पण आले. म्हणजे तुमच्या गायकाच्या गाण्यासमोर अजून एक नाव दिसलं तर ते युगुलगीत नाही, दुसऱ्यानं वेगळं गायलेलं तेच गाणं आहे. ते दुसरं नाव पण टिपून घ्या, तो कलाकार नावाजलेला निघाला तर त्याच्याबद्दलच्या लिखाणात आपल्या माणसाचा उल्लेख सापडतो.

जॉन फॉस्टर सानरेमोत १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षं होता. आता या तारखांच्या बाजूला त्या वेळी अजून काय चाललं होतं ते मांडून बघा. फेब्रुवारी १९६५ मधे रोमला पायपर क्लब उघडला, तरुण पोरं-पोरी रात्रभर तिथं नाचायला लागली. जून १९६५ मधे बीटल्स मिलान, जेनोवा आणि रोमला वाजवून गेले. १९६६ च्या सानरेमोत कातेरीना कासेल्ली नावाची पोरगी आपल्या आखूड सोनेरी केसांसकट आली आणि माझा न्याय कुणी करू नये असं ठणकावून गायली. दोन वर्षांपूर्वी संथ, माफी मागणारं गाणं गाणारा माणूस एवढ्यात जुना वाटायला लागणार की नाही? गायकाचा आवाज तोच राहिला, ऐकणारे बदलले. ही वर्षांची जोडी लावल्याशिवाय कारकीर्द का संपली यावर एक वाक्यही लिहू नका.

तुलनेला एक जोडी पण घ्या, फार उपयोग होतो. कास्त्रोकारो म्हणून नवोदितांची स्पर्धा होती, तिथं १९६३ मधे दोघं जिंकले, जिलिओला चिन्क्वेत्ती आणि ब्रूनो फिलिप्पीनी. दोघंही १९६४ ला सानरेमोत. तिनं १६ व्या वर्षी सानरेमो मारलं आणि दोन महिन्यांच्या आत कोपनहेगनला युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, पण. तो १९६५ ला परत आला, त्याचं गाणं त्या वर्षी जपानची युकारी इतो पण गायली, आणि आज त्याचं नाव जुने शौकीन सोडले तर कुणी घेत नाही. दोघांची सुरुवात एकाच ठिकाणची, तरी वाटा एवढ्या वेगळ्या. आपला गायक मागं पडला तर त्याच्यात काहीतरी कमी होतं असं लगेच लिहू नये, ते यामुळंच.

रिकामी वर्षं

यादीत एका जागी सगळं थांबतं. रेकॉर्ड नाही, टीव्ही नाही, पेपरात नाव नाही. इथं बहुतेक लोक कथा रचतात, दारूच्या आहारी गेला असेल, फसवलं असेल, कुठंतरी एकाकी मेला असेल. मला याचा खरंच राग येतो. माहिती नसली की माणसाला दुःखी करून टाकायचं, हा कुठला न्याय.

आता ते खरं नाव बाहेर काढा, जे मघाशी बाजूला ठेवलं होतं. आणि ते संगीतात शोधू नका, संगीत सोडून बाकी सगळीकडं शोधा. पाओलो ओक्कीपिन्ती सापडतो कुठं तर पत्रकारितेत. 'ओज्जी' नावाचं इटलीतलं मोठं साप्ताहिक, १९३९ मधे मिलानला सुरू झालेलं, घरोघरी आणि न्हाव्याच्या दुकानात वाचलं जाणारं, त्याचा तो अनेक वर्षं संपादक होता. आपल्याकडचं मोठं कौटुंबिक साप्ताहिक डोळ्यांसमोर आणा आणि त्याचा संपादक तरुणपणी हिट गाणं देऊन बसलेला आहे अशी कल्पना करा. गायकाची गोष्ट १९६० च्या दशकातच मिटते, माणसाची गोष्ट मात्र तिथून अजून मोठी होते. जॉन फॉस्टर एवढ्याच नावावर थांबलो असतो तर हा सगळा माणूसच हातातून गेला असता.

म्हणून बघायच्या जागा या: पत्रकार, रेकॉर्ड कंपनीतली नोकरी, दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणं, सिनेमात छोटी कामं, गावात हॉटेल किंवा दुकान. बऱ्याच जणांनी लग्न करून सरळ नोकरी धरली. एवढंच मिळालं तर एवढंच लिहा.

ऐंशीच्या दशकातली रेकॉर्ड असेल तर

मग एक वेगळीच अडचण येते, त्यामुळं हा तुकडा. इटालो डिस्कोच्या, म्हणजे इटलीत तयार झालेल्या नाचाच्या गाण्यांच्या, काळात कव्हरवरचा चेहरा आणि आतला आवाज एकाच माणसाचा असेल याची गॅरंटी नाही. डेन हॅरो हे ठळक उदाहरण, स्टेजवर आणि कव्हरवर देखणा स्तेफानो झान्द्री, आणि गाजलेल्या बऱ्याच गाण्यांत आवाज टॉम हूकर नावाच्या अमेरिकन गायकाचा. अशा रेकॉर्डीला वहीत दोन रकाने करा, चेहरा आणि आवाज, आणि दोन्ही सिद्ध होईपर्यंत एकात एक मिसळू नका.

वही, पत्र आणि शेवटची मांडणी

सगळी माहिती एका मोठ्या वहीत किंवा एक्सेलमधे टाका, पण प्रत्येक ओळीपुढं पक्कं, बहुतेक, ऐकीव यातलं एक लिहा. पक्कं म्हणजे स्वतः बघितलेलं पान किंवा लेबल. दोन वेबसाइटनी एकच वाक्य जसंच्या तसं छापलंय म्हणून ते पक्कं होत नाही, एकानं दुसऱ्याचं उचललेलं असतं.

गायक किंवा घरचे हयात असतील तर फेसबुकवर नावावरून पोरा-नातवंडांना मेसेज टाकत सुटू नका. त्यांनी ते आयुष्य मागं ठेवलेलं असू शकतं. रेकॉर्ड कंपनी, संग्रहालय किंवा ज्या मासिकात काम केलं तिथं एक साधं, आदरानं लिहिलेलं पत्र पाठवा, इंग्रजी आणि इटालियन दोन्हीत, आपण कोण, कुठले, कशासाठी विचारतोय ते पहिल्या दोन ओळीत. ऑगस्टमधे पाठवू नका, १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते आणि पत्र तसंच पडून राहतं. फोन करायचा झाला तर उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात, हिवाळ्यात साडेचार.

तबकडीची पण काळजी घ्या. एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत रेकॉर्ड ठेवली की वाकलीच म्हणून समजा. उभी ठेवायची, एकावर एक आडवी रचायची नाही, आणि खिडकीपासून लांब.

काम झालं की ते स्वतःपाशी ठेवू नका. लेबलच्या दोन्ही बाजूंचे आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावरच्या तारखेचे फोटो डिस्कॉग्सवर चढवा, तुमच्या प्रतीवर जी तारीख आहे ती तिथं अजून कुणी टाकलेली नसू शकते. आणि मराठी विकिपीडियावर एक छोटा लेख टाका, दहा ओळींचा चालेल, फक्त 'पक्कं' लिहिलेल्या ओळी घेऊन. नावाचा उच्चार देवनागरीत आधी ठरवून घ्या आणि लेखभर तोच ठेवा, नाहीतर एका जागी ओक्कीपिन्ती आणि दुसऱ्या जागी ओचिपिंटी झालं की पुढच्या माणसाला परत दोन वेगळे लोक वाटणार.